मूठ आणि तीन सूत

पुस्तकांची परीक्षणे लिहिण्याचा उद्योग मी चाळीस वर्षे केला. त्यातून शत्रू भरपूर मिळाले, पैसे बेताचे मिळाले आणि 'तुम्हाला काय, नुसती नावं ठेवायची!' हे वाक्य घरातून आणि दारातून सारख्याच आवाजात ऐकायला मिळाले. कवितासंग्रह आले, कादंबऱ्या आल्या, एकदा तर पाककृतींचे पुस्तकही आले. पण अभिप्रायासाठी कोणी मोटारीच्या गिअरचा नॉब आणून देईल, असे मात्र मला स्वप्नातसुद्धा वाटले नव्हते.

तो आणून दिला आमच्या साडूंनी. साडू ठाण्याला नौपाड्यात राहतात, आम्ही डोंबिवलीला. एका रविवारी सकाळी ते आले, चपला काढायच्या आधीच खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. उघडून पाहतो तो आत लाकडाचा एक तुकतुकीत गोळा.

"भोवरा?" मी विचारले.

"भोवरा काय, भाऊसाहेब! गिअरचा नॉब आहे. हातात आला."

"हातात आला तर चांगलंच झालं की. हरवला होता का?"

"अहो, गाडी चालवताना हातात आला!"

आता या गाडीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. साडू तिच्याबद्दल दोन तास सांगतात, त्या मानाने हे काहीच नाही. ती आहे १९६४ सालची स्टँडर्ड हेराल्ड. साडूंचे वडील, म्हणजे अण्णा, यांनी ती हौसेने जुनी घेतली आणि पुढची सगळी हयात तिच्या हौशी पुरवण्यात घालवली. साडू तिला 'आमची स्पोर्ट्स कार' म्हणतात. मी हरकत घेतली की त्यांचा युक्तिवाद तयार असतो. विलायतेत १९५९ साली ट्रायम्फ कंपनीने हेराल्ड काढली, तिची आकृती तुरीनच्या मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने रेखली. मग १९६२ मध्ये त्याच कंपनीने तिचाच सांगाडा आखूड करून स्पिटफायर नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली, तीही मिकेलोत्तीनेच रेखली. म्हणजे हाड एक, शिंपी एक. फरक इतकाच, की एक धाकटी शर्यतीच्या डौलाने जगभर फिरली आणि थोरली मद्रासच्या कारखान्यातून स्टँडर्ड हे सोज्वळ आडनाव लावून ९४८ सीसीच्या इंजिनावर आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांकडे नांदायला आली.

"धाकटी बहीण कथ्थक करते म्हणून थोरलीला नर्तकी म्हणत नाहीत," असे मी एकदा बोलून गेलो होतो. त्या दिवशी साडूंनी आमच्याकडे दुसऱ्यांदा चहा घेतला नाही.

तर घडले होते ते असे. आमच्या डोंबिवलीत गुढीपाडव्याला नववर्षाची स्वागतयात्रा निघते. १९९९ साली ती इथूनच सुरू झाली आणि मग गावोगाव गेली. त्या यात्रेत हेराल्ड न्यायची असे साडूंच्या मनाने घेतले. सारथ्य चिरंजीवांकडे. चिरंजीव संगणकात हुशार आहेत. पण गिअर हाताने बदलायचा असतो ही गोष्ट त्यांना अजून थोडी जंगली वाटते. म्हणून साडूंनी त्यांना तलावपाळीला एक फेरी मारायला लावली. गडकरी रंगायतनच्या समोर सिग्नलला गाडी थांबली. दुपारचे नाटक नुकतेच सुटले होते. चिरंजीवांनी नॉबकडे पाहिले, नॉबवर गिअरचे आकडे कोरलेले आहेत, त्यांतला १ कुठे आहे ते नीट वाचले आणि दांडा तिकडे नेला. गाडीने एक हुंदका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा वाचले, पुन्हा हुंदका. कारण नॉब सैल होऊन अर्धा फिरला होता. जिथे १ दिसत होता तिथे प्रत्यक्षात चौथा गिअर होता. तिसऱ्या हुंदक्याला चिरंजीवांनी जोर लावला आणि नॉब हातात आला. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचे पार्श्वसंगीत दिले. बाहेर पडलेल्या प्रेक्षकांना एक जादा अंक फुकट पाहायला मिळाला.

"हसण्यासारखं आहे, मला मान्य आहे," साडू म्हणाले. "पण समजा, हे शिळफाट्याच्या चढावर झालं असतं तर? मागे ट्रेलर असता तर?"

हे खरे होते. मी हसू आवरले.

"आता खरं सांगतो," ते आवाज खाली आणून म्हणाले. "हा नॉब मूळचा नाहीच. अण्णांनी बसवलेला आहे. मूळचा काळा, गुळगुळीत असायचा. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींना फोटो पाठवला, तर सगळे म्हणाले, तेवढं लाकूड काढून टाका, गाडीची अस्सलता जाते. विलायतेत नवे मिळतात, मागवतो म्हटलं. तसं घरात बोललो, तर माई दोन दिवस झाले माझ्याशी बोलत नाहीये. तुम्ही टीकाकार आहात. तुमचं ती ऐकते. तुम्ही नॉब बघा आणि लिहून द्या, की हा गेला तरी चालेल."

माई म्हणजे साडूंच्या मातोश्री. वय अठ्ठ्याऐंशी. त्या माझे ऐकतात हे मला नवीनच होते. पण कामाची जबाबदारी कळली. साडूंना परीक्षण नको होते, मृत्यूचा दाखला हवा होता. असे दाखले पुस्तकांना मी पूर्वी पुष्कळ दिलेले आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांचा आता पश्चात्ताप होतो. म्हणून म्हटले, आधी वाचू तर.

नॉब शिसवीचा. लहान पेरूएवढा. वर इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची रेघ, तिच्या टोकांना देवनागरीत १, २, ३, ४ आणि मागे जाण्याच्या गिअरला नुसता 'मा'. टोकदार सुरीने कोरलेले. त्यातल्या ३ ची शेपटी जवळजवळ पुसली गेली होती, आणि 'मा' मात्र काल कोरल्यासारखा स्वच्छ. अण्णा बेताच्या वेगाने जाणारे आणि मागे फारसे न वळणारे गृहस्थ होते, हे त्यांना ओळखत नसतो तरी मी त्या नॉबवरून सांगितले असते. एका बाजूला तळव्याच्या आकाराचा हलका खोलगट भाग पडला होता. मी सहज मूठ मिटली, तर माझा तळवा तिथे बरोबर बसला. दुसऱ्याच्या हातात हात दिल्यासारखे वाटले, म्हणून मी तो चटकन खाली ठेवला.

मोटारीचे परीक्षण करणारे लोक इंजिनाबद्दल लिहितात, वेगाबद्दल लिहितात, पेट्रोलबद्दल तर रडतातच. पण चालवणाऱ्याच्या हाताला गाडी कळते ती दोनच ठिकाणी, चाकावर आणि या गोळ्यावर. चाक सांगते की रस्ता कसा आहे. गोळा सांगतो की आत काय चालले आहे. इंजिन खूश आहे की कुरकुरते, दात दातांत बसले की घसरले, ही सगळी बातमी त्या एका दांड्यातून तळव्यापर्यंत येते. नॉब सैल असला की बातमी येते, पण अफवेसारखी येते. निघालेला शब्द आणि पोचलेला शब्द यांत अर्ध्या मिलिमीटरचे अंतर पडते.

मोठ्या गाड्या करणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती. पोर्शे कंपनीने १९६९ मध्ये ९१७ नावाची शर्यतीची गाडी काढली. तिचे वजन कमी करण्याचा त्या लोकांना इतका ध्यास, की गिअरचा नॉबसुद्धा त्यांनी बाल्सा लाकडाचा केला. बाल्सा म्हणजे ते कापसाला लाजवणारे हलके लाकूड, मुलांची खेळण्यातली विमाने करतात ते. त्या गाडीने १९७० मध्ये ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तेव्हा साडूंना मी पहिला निष्कर्ष सांगितला, की गिअरवर लाकूड असणे ही गोष्ट स्पोर्ट्स कारच्या खानदानाला कमीपणा आणणारी नाही. ते थोडे सुखावले. नॉबचे लाकूड राहिले, आता प्रश्न राहिला सैलपणाचा.

सैल नॉब घट्ट करण्याबाबत आपल्या समाजात जी मते आहेत, ती मी पुढच्या चार दिवसांत गोळा केली. चाळीस वर्षांच्या सवयीने मला त्यांत संस्कृत काव्यशास्त्रातले संप्रदायच दिसू लागले.

पहिला रससंप्रदाय. हा भरतमुनींचा नसून डिंकवाल्यांचा. आमच्या इमारतीतले निम्मे सभासद या पंथाचे. "दोन ट्यूबा घ्या, समप्रमाणात कालवा, भोकात भरा आणि रात्रभर ठेवा. जन्मात निघणार नाही!" आमच्याकडे दुरुस्तीची सर्वोच्च स्तुती हीच आहे, जन्मात निघणार नाही. कपाचा कान, चष्म्याची दांडी, देवाच्या मूर्तीचा हात, सगळ्यांना एकच रस. पण हेराल्डची एक खोड आहे. तिचा गिअरबॉक्स खालून निघत नाही, गाडीच्या आतून निघतो. तिथे पोचायचे तर मधले आवरण काढावे लागते, आवरणासाठी दांड्यावरचा रबरी बूट काढावा लागतो आणि बूट वरून काढायचा तर आधी नॉब. नॉब जन्मात निघणार नसेल तर पुढच्या मेकॅनिकला करवतच घ्यावी लागेल. आज चिकटवणारा उद्याच्या दुरुस्ती करणाऱ्याचे दार बाहेरून बंद करून जातो. डिंकात दोष नाही, तो त्याचे काम चोख करतो. दोष आपल्या घाईचा.

दुसरा अलंकारसंप्रदाय. याचे म्हणणे, जुने कशाला ठेवता, नवा चमकदार लावा. काचेचा मिळतो, आत फूल असलेला मिळतो, कवटीच्या आकाराचासुद्धा मिळतो. दुकानदाराने मला एक दाखवला, तो रात्री निळा उजळतो. हेराल्डमध्ये तो म्हणजे नऊवारीवर गॉगल.

तिसरा वक्रोक्तिसंप्रदाय. कुंतकाने वक्रोक्ती हा काव्याचा प्राण मानला. आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पोऱ्या ती पान्याने करतो. "जात नाही म्हणजे काय? जोर लावा, तिरका का होईना, बसतो!" त्याने खरोखरच दीड फेरा बसवून दाखवला. मी त्याच्या हातातून नॉब काढून घेतला तो लेकराला पुरातून काढावे तसा.

चौथा औचित्यसंप्रदाय. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात सांगून ठेवले, की कमरपट्टा गळ्यात घातला आणि हार कमरेला बांधला तर लोक हसतील. जे जिथे शोभते तेच तिथे असावे. हा संप्रदाय मला कल्याणला सापडला, एका जुन्या लेथच्या दुकानात. दुकान दहा बाय बाराचे, त्यात लेथ आठ फुटांचा, उरलेल्या जागेत मिस्त्री.

साडू गाडी घेऊन तिथे आले होते, नॉबच्या जागी दांड्याला रुमाल बांधून. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दांडा पाहिला, नॉबच्या भोकात पाहिले. मग चाकूसारखी बारीक दातेरी पाती असलेले एक गेज काढले आणि एकेक पाते दांड्याच्या आट्यांवर ठेवून पाहू लागले. एक बसले. वर लिहिले होते २४. म्हणजे एका इंचात चोवीस आटे.

"साहेब, दांडा तीन सुताचा आहे," मिस्त्री म्हणाले. "आणि तुमच्या लाकडात टॅप मारलाय दहा एमएमचा. यांचं सूत कसं जुळणार?"

वाचकांपैकी ज्यांनी सुताराशी व्यवहार केला आहे त्यांना ठाऊक असेल, की इंचाच्या आठव्या भागाला कारागीर सूत म्हणतात. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच. मिलिमीटरमध्ये ९.५२५. भोक दहाचे. फरक अर्ध्या मिलिमीटरलाही थोडा कमीच. म्हणजे नॉब झिजून सैल झालेला नव्हता. तो जन्मतःच सैल होता! दोन भाषा बोलणारी दोन माणसे एका घरात पन्नास वर्षे राहत होती.

या अर्ध्या मिलिमीटरमागे मोठा इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा असे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर जात नसे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रजाने सगळ्यांसाठी एकच माप सुचवले. पुढे १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला पहिली आगगाडी आली, दुसऱ्या वर्षी ती कल्याणला पोचली, तिच्याबरोबर ही इंचातली दुनियाही आपल्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे आणि अमेरिकनांचे आटे एकमेकांत बसेनात, तेव्हा दोघांनी कॅनडाला बरोबर घेऊन १९४८ मध्ये सामायिक आटा ठरवला. हेराल्डचा दांडा त्या कुळातला. आपण मात्र १९५६ मध्ये कायदा करून मीटर-किलोग्रॅमची वाट धरली, १९५७ मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले. कारखान्यांतले टॅप हळूहळू मिलिमीटरचे झाले. अण्णांनी नॉब करून घेतला तो या संधिकालात. ज्या कातकाऱ्याने केला त्याच्याकडे दहाचा टॅप असेल, त्याने तो मारला. लाकूड बिचारे गरीब, थोडे दबले आणि दांड्याला सामावून घेतले.

मला भलताच आनंद झाला. समीक्षकाला मूळ लेखकाची चूक सापडल्यावर होतो तो. त्या आनंदात मी साडूंबरोबर नौपाड्याला गेलो आणि माईंना सगळे शास्त्र समजावून सांगितले. व्हिटवर्थपासून नव्या पैशांपर्यंत. शेवटी म्हणालो, "म्हणजे माई, चूक अशी कुणाची नाही. पण तो नॉब पहिल्या दिवसापासून सैलच होता."

माईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मग एवढी वर्षं कसा नाही निघाला?"

हा प्रश्न माझ्या शास्त्रात नव्हता. मी साडूंकडे पाहिले, साडूंनी पंख्याकडे.

माई उठल्या. देवघराच्या खालच्या फडताळातून त्यांनी बिस्किटांचा एक जुना डबा काढला. आत पांढऱ्या सुताचे रीळ आणि मेणाचा एक तुकडा. मेणावर दोऱ्याच्या बारीक चिरा पडल्या होत्या.

"दर दसऱ्याला हे गाडी धुवायचे, झेंडूची माळ घालायचे आणि तो गोळा काढायचे," त्या म्हणाल्या. "जुनं सूत काढून टाकायचं, नवं मेणावरून ओढायचं आणि त्या दांडीवर वेढे द्यायचे. अकरा वेढे. मग गोळा बसवायचा. त्यांना ठाऊक होतं हो, सैल आहे ते. मी म्हणायची, एकदाचा चिकटवून टाका. तर म्हणायचे, चिकटवला की बघायचं राहून जातं."

मग त्या साडूंकडे वळल्या. दोन दिवसांनी पहिल्यांदाच.

"ते गेल्यापासून तू एकदा तरी काढून बघितलास का तो?"

साडूंनी मान खाली घातली. मीही घातली. माझा काही संबंध नव्हता, पण त्या खोलीत मान वर ठेवण्यासारखी जागा नव्हती.

सुतावरून स्वर्ग गाठणे ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या समीक्षेला लावत आलो. त्या दिवशी ती मला लागली. मी दांड्याचे सूत मोजले आणि मला वाटले, ग्रंथ उलगडला. खरे सूत डब्यात होते. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत एक माणूस दर वर्षी जाऊन बसत होता. तो यायचा थांबला, तेव्हा नॉब सुटला.

आता निकाल द्यायची वेळ आली. साडूंच्या हौशी मंडळींचा आक्षेप मोडीत काढायला हवा होता. त्यांचे म्हणणे, लाकडी नॉब हा प्रक्षेप आहे, मूळ संहितेत नाही. साडूंना दुसरी भीती अशी, की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याचे नियम २०२१ मध्ये आले आहेत, त्यात गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. मी म्हटले, ती अट सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेत का, एवढ्याबद्दल आहे. सरकार तुमच्या मुठीत काय आहे ते विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

प्रक्षेपाचा आक्षेप मात्र गंभीर होता, कारण तो माझ्या धंद्यातला होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. लोकांनी मधे घुसडलेले, बिघडवलेले सगळे निवडून काढले आणि पुन्हा कोणी भर घालू नये म्हणून बजावूनही ठेवले. त्या न्यायाने अण्णांचा शिसवी गोळा गेलाच पाहिजे, असे एखादा म्हणेल. पण त्याने हेही आठवावे, की ज्ञानेश्वरी स्वतः काय आहे? शके १२१२ मधली गीतेवरची टीका! संस्कृतातले तिने मराठीत आणले, आपल्या माणसांच्या हाताला बसेल असे केले. आज कोणी तिला गीतेची खोडाखोड म्हणत नाही. मूळ न बदलता त्यावर आपल्या भाषेत बोलणे, ही टीका. मूळ खरवडून त्यात आपले घुसवणे, हा प्रक्षेप. कसोटी सोपी आहे. तुमची भर काढून घेतली तर मूळ जसेच्या तसे उरते का?

अण्णांनी दांड्याच्या आट्यांना कानस लावली नव्हती. ते पहिल्या दिवसाइतके स्वच्छ होते, हे मिस्त्रींच्या गेजाने सांगितले. कोणालाही, केव्हाही, अकरा वेढे सोडून विलायती नॉब बसवता आला असता. अण्णांचा गोळा मराठीतली टीका होती. आकडेसुद्धा देवनागरीत. डिंक लावला असता, तर मात्र तो प्रक्षेप झाला असता.

हा निकाल मी चार पाने लिहून साडूंना दिला. तो वाचायला त्यांना वेळ झाला नाही. कारण माईंच्या प्रश्नानंतर ते थेट कल्याणला मिस्त्रींकडे गेले होते.

मिस्त्रींनी काम असे केले. नॉबचे भोक लेथवर धरून बेताने मोठे केले. पितळेचा एक बुश तासला. त्याच्या बाहेरच्या अंगावर लाकूड धरून ठेवतील असे जाड आटे पाडले आणि आत तीन सुताचा, इंचाला चोवीसचा टॅप मारला. बुश लाकडात फिरवून बसवला आणि तो फिरू नये म्हणून खालून एक बारीक पिन ठोकली. शेवटी दांड्यावर एक चेक नट. या चेक नटाचे काम मला फार आवडले. नॉब नुसता कसून बसवला तर तो आपल्या मनाने कुठेतरी थांबतो, आकडे वाकडेच राहतात. चेक नट असला की नॉब हवा तसा सरळ धरायचा, १ जिथे हवा तिथे आणायचा आणि खालून नट त्याला भिडवायचा. दोघे एकमेकांना रेटून धरतात, म्हणून दोघेही हलत नाहीत. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सांगण्यासारखे हे वाक्य आहे, पण तिथे ते कोणी सांगत नाही.

"पुन्हा निघेल ना?" साडूंनी विचारले.

मिस्त्रींना वाटले, तक्रार आहे. "नाही निघणार, साहेब. गॅरंटी."

"तसं नव्हे. काढायचा म्हटला तर?"

"पान्याने नट सोडा, हाताने फिरवा. पोरसुद्धा काढेल." मग थोडे थांबून म्हणाले, "निघत नाही ते काम आम्ही करत नाही."

चाळीस वर्षांत समीक्षेची इतकी नेटकी व्याख्या मी ऐकली नव्हती.

पाडव्याला हेराल्ड फडके रोडवर आली. चिरंजीव धोतर नेसून चाकावर, शेजारी माई नऊवारीत, मागच्या सीटवर साडू सूचना देत. मी पदपथावरून चालत होतो आणि गाडीच्या पुढे जात होतो. स्वागतयात्रेचा वेग तो, पुढे लेझीम, मागे ढोल. गणपती मंदिरापर्यंत गाडी पहिल्याच गिअरमध्ये आली. एवढ्या खटाटोपाने सरळ केलेल्या २, ३, ४ आणि 'मा' यांना त्या दिवशी कोणी हातसुद्धा लावला नाही. पण १ जिथे दिसत होता तिथे तो होता, आणि गाडीने एकही हुंदका दिला नाही.

पुढे दसऱ्याला साडूंचा फोन आला. त्यांनी आणि चिरंजीवांनी गाडी धुतली होती, माळ घातली होती आणि चेक नट सोडून नॉब काढला होता. आटे पुसून तो परत बसवला.

"सैल झाला होता का?" मी विचारले.

"छे हो. जसाच्या तसा होता."

"मग काढला कशाला?"

"बघायला," साडू म्हणाले. "आणि माईनं एक वेढा सूत दिलंय, ते नटाखाली गुंडाळलंय. त्याचा उपयोग काही नाही."

मी म्हटले, असू दे. माझ्या चार पानांचाही झाला नव्हता. मानधन म्हणून मात्र त्यांनी मला मामलेदाराची मिसळ खाऊ घातली, आणि डोंबिवलीचे परतीचे तिकीट काढून दिले.